तेलाचा तवंग, बूम आणि खाडीची ओढ

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली. न्हावा-शेव्याहून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ हे कंटेनरवाहू जहाज आणि आत येणारे ‘खलिजिया-३’ एकमेकांवर आदळले. चित्रा कलंडले, त्याच्यावरचे शेकडो कंटेनर पाण्यात घरंगळले आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. त्या काळात मी याच बंदरातल्या एका तेलाच्या जेट्टीवर, प्रदूषण आवरण्याचे सामान ज्यांच्या ताब्यात असते अशा तुकडीत नोकरीला होतो, आणि राहायला उरणला होतो. बातमी कळल्यावर आमच्यापैकी बहुतेकांनी आधी जहाजाची चौकशी केली. आमच्या शेजारच्या वृद्ध तांडेलकाकांनी मात्र दारातले कॅलेंडर पाहिले आणि तीन दिवसांवर अमावस्या आल्याचे सांगितले. उधाण जवळ आले होते, म्हणजे रोज भरतीचे पाणी आदल्या दिवसापेक्षा अधिक आत, तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, अधिक मागपर्यंत जाणार होते, आणि पाण्यावर जे तरंगत असेल तेही त्याच्याबरोबर जाणार होते.

तेल अडवण्यासाठी पाण्यावर जो तरंगता अडसर टाकतात, त्याला बंदरात सगळे ‘बूम’ म्हणतात. त्याची रचना पाहिली तर ती एखाद्या कोळ्याला सहज समजेल अशी आहे. वर हवेने फुगवलेला किंवा फोम भरलेला तरंगता भाग असतो आणि तो पाण्याच्या वर वीतभर ते हातभर उंचीची भिंत धरून ठेवतो. त्याच्या खाली पाण्यात लोंबणारी जाड कापडाची झालर असते, जिला आम्ही स्कर्ट म्हणत असू. झालरीच्या खालच्या काठात साखळी ओवलेली असते. ही साखळी झालरीला वजन देऊन सरळ उभी ठेवते आणि संपूर्ण बूमवर येणारा ताणही तीच सोसते. किनाऱ्यावर, जिथे ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिथे वेगळ्या जातीचा बूम लागतो. त्याच्या खालच्या दोन नळ्यांत पाणी आणि वरच्या नळीत हवा भरलेली असते, त्यामुळे पाणी उतरले की तो चिखलावर बसून फट बंद करतो आणि भरती आली की पुन्हा तरंगतो. मुंबई-उरणच्या खाड्यांसाठी माझ्या मते हाच सर्वांत मोलाचा प्रकार आहे, आणि मी पाहिलेल्या कोठारांत नेमका हाच सर्वांत कमी होता.

बूमविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट एका आकड्यात सांगता येते. पाणी बूमवर काटकोनात साधारण ०.७ नॉटपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३६ सेंटिमीटरपेक्षा, जास्त वेगाने येऊ लागले की बूम तेल धरून ठेवू शकत नाही. हा वेग सावकाश चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी आहे. बूमसमोर साचलेल्या तेलाच्या थराखालून पाणी सतत वाहत असते. वेग वाढला की थराच्या पुढच्या कडेला एक फुगवटा तयार होतो, त्यातून तेलाचे थेंब सुटतात आणि पाण्याबरोबर झालरीखालून पलीकडे निघून जातात. झालर अधिक खोल केली की हे थांबेल असे वाटते, पण तसे होत नाही. उथळ खाडीत तर खोल झालरीखाली उरलेल्या अरुंद वाटेतून पाणी अधिक जोराने धावते आणि तेलही अधिक सुटते.

हे मला प्रशिक्षणात शिकवले होते आणि परीक्षेत मी ते बरोबर लिहिलेही होते, तरी ते खरे समजले ते एका सरावात. त्या दिवशी वेळापत्रक पाहुण्यांच्या सोयीने ठरले होते, भरती-ओहोटीच्या सोयीने नव्हे. उधाणाच्या ओहोटीत आम्ही सुमारे २०० मीटर बूम प्रवाहाला थेट आडवा टाकला आणि तेलाऐवजी भाताचे तूस सोडले. थोड्याच वेळात बूम धनुष्यासारखा वाकला, मध्यभागी त्याचा तरंगता भाग पाण्याखाली गेला, एका सांध्याची खीळ तुटली आणि तूस पलीकडे निघून गेले. आमच्या सोबतीला आणलेल्या होडीवर तेच तांडेलकाका होते. त्यांनी आयुष्यभर डोल लावली होती. समुद्रतळाशी खुंट ठोकून, भरती-ओहोटीच्या ओढीसमोर जाळ्याचे तोंड उघडे धरायचे आणि पाणी वळायच्या वेळी ते उचलायचे, असे ते काम असते. ते मला शांतपणे म्हणाले, “अहो, आमच्या जाळ्यातून पाणी जातं, तरी खुंट उपटतो. तुम्ही तर पाण्यासमोर ताडपत्री धरली.”

हिशेब त्यांच्याच बाजूने होता. १०० मीटर लांबीच्या आणि ६० सेंटिमीटर खोल झालरीच्या बूमवर अर्ध्या नॉटच्या प्रवाहात सुमारे ३९० किलो इतका जोर येतो. प्रवाह दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणजे एका नॉटला तो दीड टनाच्या वर जातो. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या वेळी एक नॉट ही फार मोठी ओढ मानली जात नाही. अशा ठिकाणी हलका नांगर चिखलातून खरवडत निघून येतो.

यावरचा उपाय म्हणजे बूम तिरका लावणे. प्रवाहाचा जेवढा भाग बूमवर काटकोनात येतो तेवढाच तेलाला झालरीखाली ढकलतो. म्हणून पाणी दीड नॉटने धावत असेल तर बूम प्रवाहाशी सुमारे २८ अंशांचा आणि दोन नॉटने धावत असेल तर सुमारे २० अंशांचा कोन करून ठेवायचा. मग तेल बूमच्या अंगाने घसरत काठाकडे जाते, आणि तिथे पाण्याची ओढ मंद असलेली जागा आधीच हेरून ठेवलेली असेल तर ते उचलता येते. तेलाला अडवण्यापेक्षा त्याला वाट दाखवायची असते, हे एकदा मनात बसले की बूमची लांबी, नांगर, दोर यांचा सगळा हिशेब बदलतो. १२० मीटर रुंदीच्या खाडीच्या तोंडाला २८ अंशांवर बूम लावायचा तर १२० मीटर पुरत नाहीत, अडीचशेच्या वर लागतात. आणि भरती-ओहोटीत प्रवाह उलटतो, म्हणून सहा तासांनी हीच मांडणी दुसऱ्या दिशेने उभी करावी लागते. खाडीवर बूम टाकून घरी जाता येत नाही. रात्रंदिवस त्याच्यापाशी होडी आणि माणसे ठेवावी लागतात.

२०१० च्या त्या अपघातात भर समुद्रात बूमकडून फारशी अपेक्षा ठेवणे चुकीचेच होते. ऑगस्टमधला पावसाळी समुद्र होता. मीटर-दीड मीटरच्या वर लाटा गेल्या की तेल बूमवरून उडून पलीकडे पडते किंवा बूमच लाटेखाली जातो. तटरक्षक दलाने जहाजांतून आणि हेलिकॉप्टरमधून तवंग विरवणारी रसायने फवारली. मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची जहाजवाहतूक काही दिवस बंद राहिली. तेल मात्र घारापुरी, उरण, अलिबागच्या किनाऱ्यांवर आणि वाशीकडच्या तिवरांत पोहोचले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘समुद्र प्रहरी’ हे खास प्रदूषण आवरण्यासाठी बांधलेले जहाज तटरक्षक दलात दाखल झाले, म्हणजे ते दोन महिने उशिरा आले. अर्थात तेवढे मोठे जहाजही चिखलाने भरलेल्या खाडीत शिरू शकले नसते.

तिवरांविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या मते बूमचे खरे काम तिथेच आहे. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात आणि त्यांवरच्या बारीक छिद्रांतून झाड श्वास घेते. जड इंधन तेलाचा लेप बसला की ती छिद्रे बुजतात. वाळूच्या किनाऱ्यावरचे तेल फावड्याने उचलता येते, खडकावरचे पुसता किंवा धुता येते. तिवरांत शिरलेल्या माणसाच्या पायाखाली मात्र तेल चिखलात आणखी खोल दाबले जाते आणि मुळे मोडतात, म्हणून पुष्कळदा तिथे काहीच न करणे हाच तज्ज्ञांचा सल्ला असतो. त्याच चिखलात चिंबोऱ्या आणि निवट्या राहतात, कोळंबीची पिल्ले वाढतात आणि उरणच्या कित्येक आगरी-कोळी घरांतल्या बायका ओहोटीला कालवे काढायला जातात. त्या ऑगस्टमध्ये बाजारात मासळीला गिऱ्हाईक नव्हते. २४ तारखेला नारळी पौर्णिमा झाली. आमच्या बाजूच्या किनाऱ्यावर नारळ सोडताना बायकांच्या पायांना काळे डाग लागत होते. ते डाग खोबरेल तेल लावून काढावे लागत.

बूमने तेल अडवले म्हणजे काम झाले, असाही एक समज आहे. अडवलेले तेल लगेच उचलले नाही तर लाटांनी घुसळून त्यात पाणी मिसळते, त्याचा तपकिरी, लोण्यासारखा घट्ट लगदा होतो आणि आकारमान तिपटी-चौपटीने वाढते. तो लगदा अनेक शोषक यंत्रांना आणि पंपांना ओढता येत नाही. २८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळ एन्नोर बंदराबाहेर दोन जहाजे आदळल्यावर माणसांनी बादल्यांनी तेल उपसल्याची छायाचित्रे देशभर छापून आली आणि त्यांवर पुष्कळ टीका झाली. मला ती बादली धरणाऱ्या माणसांविषयी आदरच वाटतो, कारण तसा लगदा काठाला लागल्यावर पुष्कळदा हातच उपयोगी पडतात. प्रश्न त्यांच्या हातांत जाड मोजे आणि पायांत बूट होते का, हा विचारायला हवा होता.

साधनांची विपुलता असली तरी मर्यादा सुटत नाही. मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्येच ‘डीपवॉटर होरायझन’ या समुद्रातल्या तेल-खोदाईच्या मंचाखालची विहीर फुटली, तेव्हा तेल शोषून घेणारे बूम धरून ४,००० किलोमीटरच्या आसपास बूम पाण्यात टाकले गेले. तिथल्या सरकारी अंदाजानुसार समुद्राच्या पृष्ठभागावरून यंत्रांनी उचललेले तेल एकूण सांडलेल्या तेलाच्या ३ टक्क्यांच्या जवळपास होते. वादळी वाऱ्यांनी कितीतरी बूम उचलून लुइझियानाच्या दलदलीत, गवतावर नेऊन टाकले आणि ते काढतानाही गवताचे नुकसान झाले. म्हणून कोठारात किती मीटर बूम आहे हा आकडा एखाद्या अहवालात पहिल्या पानावर दिसला की मला अस्वस्थ वाटते. तो बूम कोणत्या खाडीसाठी आहे, तिथल्या खुंट्या कुठे आहेत, किती माणसे किती तासांत तो पाण्यात उतरवतील, यांची उत्तरे पहिल्या पानावर हवीत. घडी घालून वर्षानुवर्षे ठेवलेल्या बूमचे कापड उन्हाने कडक होते, उंदीर त्याला भोके पाडतात आणि सांध्यांना गंज चढतो. हे सर्व मी माझ्या हातांनी उलगडून पाहिले आहे.

राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे समुद्रातल्या तेलगळतीची जबाबदारी तटरक्षक दलाकडे, बंदराच्या हद्दीत बंदराकडे आणि किनाऱ्यावर राज्य सरकार व स्थानिक यंत्रणेकडे येते. कागदावर ही विभागणी योग्य आहे. पण खाडीचे तोंड भरतीला समुद्र असते आणि ओहोटीला किनारा असतो, आणि तेल दर सहा तासांनी ही हद्द ओलांडते.

निवृत्तीनंतर मी घराजवळच्या एका खाडीच्या तोंडाशी दर महिन्याला दोनदा जातो, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीची ओढ सर्वांत मंद असते तेव्हा. काठावर ३० मीटर अंतरावर दोन काठ्या रोवल्या आहेत. सुका नारळ पाण्यात सोडतो आणि त्याला पहिल्या काठीपासून दुसरीपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहितो. ८३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तिथे आडवा बूमही चालेल. कमी लागले तर तिरका लावावा लागेल. भांगाच्या बहुतेक नोंदी नव्वदच्या पुढे आहेत. उधाणाच्या ओहोटीला मात्र नारळ चाळिसाच्या आसपास सेकंदांत पलीकडे पोहोचतो, म्हणजे दीड नॉट आणि २८ अंश. त्या कोनात उत्तरेकडच्या काठावर बूमचे टोक जिथे येईल, तिथे एक जुना दगडी धक्का आहे आणि त्याच्या आडोशाला पाणी जवळजवळ थांबलेले असते. तेल उचलण्यासाठी याहून चांगली जागा त्या खाडीत नाही. धक्क्यावर दोर बांधायला एकही कडी नाही. ती कुठे बसवायची याचा नकाशा मी वहीच्या शेवटच्या पानावर काढला आहे, आणि तांडेलकाकांच्या नातवाने होडीतून जाऊन तिथली खोली भांगाला व उधाणाला मोजून दिली आहे.