कुत्र्यासाठी मी मांडी थोपटत होते

माझा सहा वर्षांचा भाचा कर्णबधिर आहे. दिवाळीत बहीण त्याला घेऊन पुण्याला येणार होती. कात्रजचं प्राणिसंग्रहालय दाखवायचं तर निदान प्राण्यांची नावं तरी त्याच्या भाषेत सांगता यावीत, म्हणून मोबाईलवर एक व्हिडिओ शोधला. कुत्रा म्हणजे मांडी थोपटायची आणि चुटकी वाजवायची. दोन दिवस पोळ्या लाटता लाटता तेच चाललं होतं. मग व्हिडिओ कॉलवर भाच्याला करून दाखवलं. मावशीला डास चावतोय, अशा नजरेनं तो बघत राहिला.

खुणा अमेरिकन होत्या! खुणांची भाषा जगभर एकच, असं मी खुशाल धरून चालले होते.

मग सदाशिव पेठेत रविवारचा वर्ग लावला. शिकवणाऱ्या बाईंनाच ऐकू येत नाही, त्यामुळे बोलून वेळ मारून न्यायची सोय नव्हती. पहिला हत्ती. नाकापासून हात सोंडेसारखा खाली आणायचा, एवढंच. मी कंबरेत वाकून, डोलत, अख्खा हत्ती केला. बाई पोट धरून हसल्या आणि मला खांदे धरून सरळ उभं केलं. नक्कल नको, फक्त हात.

गाय मात्र छळली. अंगठा कानशिलाला, करंगळी शिंगासारखी बाहेर, मधली तीन बोटं मिटलेली. माझी अनामिका करंगळीबरोबर उठायचीच. पीएमपीच्या बसमध्ये सराव करत होते, तर शेजारच्या काकूंनी डोकं दुखतंय का विचारून अमृतांजन पुढे केलं.

घरी सरावाला भारतीय सांकेतिक भाषेचा व्हिडिओ शब्दकोश होता. दिल्लीच्या सरकारी केंद्राचा, २०१८ साली ३,००० शब्दांनी सुरू झालेला. २०२१ पर्यंत १०,००० झाले. तरी बाईंनी लिहून बजावलं: गावोगाव खुणा थोड्या बदलतात, मुलाची वेगळी असेल तर त्याचीच धरा. तशी मांजर निघालीच. दोन्हीकडच्या मिशांऐवजी तो एकीकडचीच ओढतो. आता मीही.

कात्रजला वाघाच्या पिंजऱ्यापुढे त्यानं मला हलवलं. वाघ, आई, कुठे? प्रश्नाचा शब्द शेवटी येतो हे वर्गात झालं होतं, त्यामुळे प्रश्न लख्ख समजला. उत्तरापुरत्या खुणा मात्र माझ्याकडे नव्हत्या. मी बॅटरीवरच्या गाडीकडे बोट दाखवलं.