अण्णांची ८०० आणि चाचांचं गॅरेज

आज सकाळी अण्णांची मारुती ८०० घेऊन जालन्यात मोंढ्याजवळ चाचांच्या गॅरेजला गेलतो, ९७ चं कार्ब्युरेटरवालं मॉडेल, परवापासून चोक ओढूनबी नुसती खोकायली. चाचांनी कार्ब्युरेटरमधलं जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक असतंय तो भाग, काढलं, बारीक तार फिरवली, तोंडानं फुंकर मारली, एक डोळा मिटून उजेडाकडं धरून पाहिलं आणि पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली बघा!

चहा पिताना म्हणले, बेटा आता असं काम महिन्यातून एखादंच येतंय. त्यांचा पोरगा संभाजीनगरला बॅटरीच्या गाड्यांचं काम शिकायलाय. तिकडं बिडकीनला टोयोटा आणि बॅटरीच्या स्कूटरवाली एथर दोघांनीबी २०२४ मधे कारखाने टाकायचं जाहीर केलंय, मला मनापासून आनंद हाय, आपल्या पोरांना कामं पाहिजेतच. पण बॅटरीच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही, मग चाचांसारख्या हातांनी काय करायचं हे कुणी बोलतच नाही, लई जीव तुटतो.

८०० तर २०१४ च्या जानेवारीतच बनायची बंद झाली, १९८३ पासून चालू होती. त्या ७९६ सीसीच्या इंजिनावर आम्ही सहाजण तुळजापूरला जायचो, मांजरसुंब्याच्या घाटात तापली की अण्णा बोनेट उघडून थांबायचे आणि आई तोवर दशम्या सोडायची.

निघताना चाचांनी एक जुनं जेट कागदात गुंडाळून हातात दिलं, म्हणले ठेव, पुढं मिळायचं नाही. पैसे घेतलेच नाहीत.