ब्राइसची पहाट, बंद पडलेली फर्नेस आणि सासूबाईंची शेगडी

फिनिक्समध्ये चारपाच वर्षं काढली की थंडी म्हणजे काय ते माणूस विसरतोच. ऑक्टोबर संपत आला तरी आमच्याकडे दुपारचा एसी चालू असतो, त्यामुळे नवरा फोनवर हवामान बघून म्हणाला की आपण सहलीला चाललोय त्या ब्राइस कॅन्यनला (युटातला नॅशनल पार्क) रात्री शून्याखाली जातंय, तेव्हा मी दोन जास्तीच्या रजया टाकल्या आणि विषय संपवला. सासूबाई साताऱ्याहून आलेल्या, त्यांनी माकडटोपी, लोकरीचे मोजे आणि सुंठेची डबी घेतली. आमच्या चौघांत नीट तयारी करून निघालेलं माणूस तेवढं एकच, हे नंतर कळलं.

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, याच उन्हाळ्यात घेतलेला, सेकंडहँड, 22 फुटी. विकणारा म्हणाला होता फर्नेस (ट्रेलर गरम ठेवणारी भट्टी) एकदम झकास आहे, आणि ते खोटं नव्हतं. फ्लॅगस्टाफ, पेज, कनॅब असं 89 नंबरच्या रस्त्याने गेलो, रस्त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की मागे ट्रेलर असताना चढावर नवऱ्याशी बोलायला जाऊ नये.

ब्राइस कॅन्यन पार्कच्या आतल्या कॅम्पग्राउंडवर जागा मिळाली म्हणून आम्ही खूश. उंची जवळजवळ 8000 फूट, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट. तिथे हुकअप नाहीत, म्हणजे वीज नाही, जे काय चालायचं ते ट्रेलरच्या बॅटरीवर आणि गॅसवर. मला वाटलं फर्नेस गॅसवर चालते, दोन्ही सिलिंडर भरलेले, काळजी कसली! संध्याकाळी थर्मोस्टॅट 68 फॅरनहाइटवर लावला, लेकीला गोष्ट वाचायला दिवे, वरचा पंखा थोडा वेळ, सगळ्यांचे फोन चार्जिंगला, अगदी घरच्यासारखं.

पहाटे चारला जाग आली ती नाकाचा शेंडा गार पडल्यामुळे. फर्नेस टिक करायची, पंखा कसाबसा घरघरायचा, मग परत शांत. परत टिक, परत घरघर. बाहेरचं तापमान 21 फॅरनहाइट, म्हणजे उणे 6. नवरा टॉर्च घेऊन थर्मोस्टॅटसमोर उभा, तो 68 वरून 75 वर नेऊन बघत होता, जसं काही जास्त मागितलं की जास्त मिळणार आहे. झालं होतं असं की फर्नेस गॅस जाळते, पण गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो, आणि तो एकटा सात-आठ अँपिअर खातो. आमची जुनी बॅटरी, त्यात थंडीने अजून मलूल. फर्नेसच्या आत हवेच्या झोताने सरकणारी एक छोटी पट्टी असते, पुरेसा झोत नसला की ती सरकत नाही, आणि ती सरकली नाही की गॅस पेटतच नाही. म्हणजे चाळीस पौंड प्रोपेन बाहेर बांधलेला आणि आम्ही आत कुडकुडतोय.

हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा मी लेकीला मिठीत घेऊन रजईत शिरले आणि मला जराशी डुलकी लागली.

उठले ती किंकाळीने. माणसाची नव्हे, कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची. बघते तर सासूबाई माकडटोपी घालून शेगडीसमोर उभ्या, तिन्ही बर्नर पेटलेले, एकावर चहाचं आधण, उरलेल्या दोनांवर हात शेकणं चाललेलं, सगळ्या खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ. देवासाठी आणलेली काडेपेटी कामाला आली होती. नवऱ्याने बर्नर बंद केले, दार सताड उघडलं, म्हणजे जी काय ऊब जमली होती ती पण गेली, आणि आम्ही चौघं रजया गुंडाळून बाहेर अंधारात.

"आई, बंद जागेत शेगडी पेटवायची नाही, लिहिलंय ना तिथे!"

"मला कुठे वाचता येतंय ते. पोर काकडत होती म्हणून पेटवली."

यावर काय बोलणार. खरं तर त्या लेबलबद्दल त्यांना आदल्या दिवशी सांगायला हवं होतं मी, पण मी तेव्हा सूर्यास्ताचे फोटो काढत होते. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "आमचा बंब तरी अंगणात असायचा."

शेजारच्या ट्रेलरमधले एक सत्तरीचे आजोबा आवाजाने बाहेर आले. चिडतील असं वाटलं, पण त्यांनी खुर्च्या मांडल्या, आगीच्या कड्यात लाकडं पेटवली आणि आम्हाला बसवलं. अमेरिकन लोक अघळपघळ नसतात म्हणतात, पण पहाटे साडेपाचला अनोळखी बाईला आपलं ब्लँकेट देणारा माणूस मी पुण्यात पण फार पाहिलेला नाही. सासूबाईंनी त्यांना सुंठेचा चहा पाजला, तो त्यांनी दोनदा मागून घेतला. सूर्योदय बघायचा राहिला. ते दगडी सुळके थंडीमुळेच झालेत, भेगांत पाणी शिरतं, गोठून फुगतं आणि दगड फोडतं, हे बोर्डवर वाचलं तेव्हा मनात आलं, दगडाचं असं होतं तर आमचं काय.

दुसऱ्या दिवशी हीटर घ्यायला दुकानात. मी लाल रंगाचा प्रोपेनवाला हातात घेतला, त्याला वीज लागत नाही. पण खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं की 7000 फुटांच्या वर बंद पडू शकतो, शिवाय खिडकी किलकिली ठेवायची आणि तो हवेत ओलही सोडतो. आदल्या रात्रीनंतर घरात ज्योत आणायची माझी हिंमतच नव्हती. तेलाचा रेडिएटर बिनआवाजाचा, पण जड आणि तापायला अर्धा तास. शेवटी विजेवर चालणारा छोटा सिरॅमिक हीटर घेतला, 1500 वॅटचा, कलंडला तर आपोआप बंद होणारा. आता वीज हवी म्हणून पार्कबाहेरच्या आरव्ही पार्कमध्ये (असे ट्रेलर भाड्याने उभे करायची खासगी जागा) 30 अँपिअरच्या जागेवर गेलो. तिथे वीज भाड्यातच असते, गॅस आपल्या खिशातला, म्हणून सगळे असेच हीटर लावतात म्हणे.

रात्र मस्त गेली. सकाळी मी मायक्रोवेव्ह लावला आणि सगळा ट्रेलर अंधारात. हीटर साडेबारा अँपिअर, पाणी तापवायचा गीझर विजेवर टाकलेला, वर हा मायक्रोवेव्ह, तीस कधीच ओलांडले. ते एक वेळ ठीक, पण नळ उघडला तर थेंब नाही. बाहेरच्या नळाची नळी आम्ही रात्रीच काढून ट्रेलरची टाकी भरून ठेवलेली, मग पाणी गेलं कुठे? तर आमच्या ट्रेलरमध्ये फर्नेसची थोडी गरम हवा खाली पाइपांपर्यंत जाते. सिरॅमिकने खोली इतकी छान ऊबदार ठेवली की थर्मोस्टॅटला फर्नेस चालू करायची गरजच वाटली नाही, आणि खाली पाइप गोठले. म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या हिटरने आमचं पाणी बंद केलं! फर्नेस लावून बसलो, साडेनऊला नळ दोनदा खोकला आणि पाणी आलं, तोवर दात बाटलीतल्या पाण्याने.

नंतरच्या दोन रात्री दोन्ही चालवले, फर्नेस जरा कमीवर, हीटर मध्यम, आणि हीटरचा प्लग गरम होतोय का ते नवरा दर तासाला हात लावून बघायचा. जवळच्या झायन नॅशनल पार्कला पण गेलो, छान आहे, गर्दी फार.

आता हीटर गराजमध्ये आहे, सासूबाईंनी त्याचं नाव बंब ठेवलंय. खरी गरज बॅटरीची होती, ती लिथियमची मागवलीय. तिची किंमत त्यांना अजून सांगितलेली नाही.