डाव्या टोकाचा सव्विसावा

सातवी 'ब'च्या हजेरीपटावर मी शेवटून दुसरा होतो, आणि १९९७ च्या संगीतिकेत थेट शेवटचा. सव्विसावा. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काहीतरी आठवणीतलं लिही" असा निरोप आला, तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही.

५ फेब्रुवारी १९९७ ला संत गोन्सालो गार्सियांच्या हौतात्म्याला चारशे वर्षं पूर्ण होत होती. वसईत जन्मलेला मुलगा जपानमधल्या नागासाकीच्या टेकडीवर आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर गेला, १८६२ मध्ये संत झाला, आणि त्याच्याच गावच्या शाळेत त्याच्यावर काही होऊ नये? संगीतिका ठरली. लिहिणार संगीताचे सर, चाली लावणार सर, पेटी वाजवणार सर आणि आमच्यावर ओरडणारही सरच.

सरांनी वाचून काढलं होतं बरंच. गोन्सालोचा बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. किल्ल्यात येशूसंघीयांच्या हाताखाली शिकला, पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा भराभर उचलली. संघात घ्या म्हणून मागे लागला, घेतलं नाही. मग व्यापार केला, तोही उत्तम चालला. पण तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संन्यासी संघाकडे गेला. शेवटपर्यंत ब्रदरच राहिला, फादर कधी झाला नाही. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नरचे दूत म्हणून फ्रान्सिस्कन मंडळी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाली, तेव्हा बोलणी करायला दुभाष्या म्हणून हाच बरोबर.

आमच्या गोन्सालोचा, म्हणजे दहावीतल्या दादाचा, आवाज जानेवारीत फुटला. वरच्या षड्जाला गेला की कोंबडा आरवल्यासारखं व्हायचं. नवा गोन्सालो शोधायला वेळ नव्हता. शेवटी ठरलं की दादाने ओठ हलवायचे आणि आठवीतल्या एका मुलीने विंगेतून गायचं. सर वैतागून म्हणाले, "दुभाष्याला दुभाष्या लागला!"

जपानचं संगीत आमच्यापैकी कुणी ऐकलेलंच नव्हतं. सरांनी दरबाराच्या प्रवेशाला भूप राग लावला. म नाही, नी नाही, पाचच सूर. आणि जपान्यांच्या कितीतरी गाण्यांत हेच पाच सूर आहेत म्हणाले. कैद्यांच्या पायपिटीला मात्र गुणक्री, कोमल रे आणि कोमल ध घेऊन. क्योटोहून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत महिनाभर चालवलं होतं त्यांना. मला तेव्हा रागातलं ओ की ठो कळत नव्हतं. नोकरीला लागल्यावर एकदा कोतो या जपानी तंतुवाद्याची कॅसेट ऐकली आणि ताडकन उठून बसलो, हे तर सरांचंच गाणं!

खरी पंचाईत सव्वीस आकड्याची होती. मंच तीस फुटांचा, त्यावर हात पसरून सव्वीस पोरं मावणार कशी? "बारा दाखवू, बाकीचे लोक समजून घेतील," असं मुख्याध्यापक फादर म्हणाले. सर ऐकेनात. सव्विसांत वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपला. आपला एकटा पुढे उभा करून बाकीच्यांना कापायचं, हे त्यांना पटेना. मला आज वाटतं, सबंध संगीतिकेतली सर्वांत शहाणी गोष्ट तीच होती. हिदेयोशीचा मात्र त्यांनी मिशा पिळणारा कंस करून टाकला होता. १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडायचा हुकूम निघाला होता, १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानमधल्या तोसाच्या किनाऱ्याला लागल्यावर संशय भडकला, यातलं काहीच गाण्यात आलं नाही. आलं असतं तर पोरं झोपली असती म्हणा.

तर दोन रांगा केल्या. मागची रांग वर्गातल्या बाकांवर उभी. क्रूस बांबूचे. गुड फ्रायडेच्या देखाव्यांना सरावलेली पोरं खिळ्यांची वाट बघत होती. तिकडे दोर आणि लोखंडी कड्या वापरत, हे सरांना समजावून सांगावं लागलं. कड्या आम्ही सायकलच्या जुन्या टायरच्या केल्या आणि दोर केळीच्या सोपटांचे. तालमीत ते तुटायचे आणि रोज एखादा हुतात्मा बाकावरून खाली यायचा.

क्योटोहून निघाले चोवीसच होते. वाटेत त्यांची देखभाल करणाऱ्या दोघांनाही धरलं आणि सव्वीस झाले. त्या दोघांतला दुसरा मी. आमचं घर वाडवळांचं, क्रुसाशी संबंध एवढाच की शाळेच्या फाटकावर तो रोज दिसायचा. डाव्या टोकाला बाकावर माझा एक पाय मंचावर, दुसरा विंगेत. त्यामुळे सबंध शेवट मी उलट्या बाजूने पाहिला. हातभर अंतरावर ती मुलगी चपला काढून उभी, कागद घट्ट धरलेला, डोळे दादाच्या ओठांवर. तेरा वर्षांचा अंतोनियो आणि बारा वर्षांचा लुईस यांनी क्रुसावरून स्तोत्र गायलं असं सांगतात. आमची दोन्ही पोरं घाबरून गप्प झाली, तेव्हा त्यांचंही तिनेच गायलं. तिघांचे तीन आवाज काढून. टाळ्या मंचाला पडल्या.

हिदेयोशीचा हुकूम कैद्यांचे नाक-कान कापायचा होता. अंमलदाराने डाव्या कानाच्या पाळीवर भागवलं. म्हणून प्रत्येकाच्या डाव्या कानाला आळता फासलेला. तो काही केल्या जाईना. दुसऱ्या दिवशी घरी हळदीकुंकू, बायका माझा कान बघून हसताहेत, आणि आजी सर्वांना सांगतेय, "कान गेला तर गेला, नाक शाबूत आहे ना!"

रात्री तिने मला पूर्ण गोष्ट सांगायला लावली. गुपचूप ऐकून घेतली आणि मग विचारलं, "आणि त्या पोराच्या आईला कधी कळलं रे?"

मी सकाळी सरांना तसंच विचारलं. सर काही बोलले नाहीत. आई पहिल्या प्रवेशात मुलाला निरोप देते आणि मग नाटकात कुठेच नाही. रविवारी दुसरा प्रयोग होता. शनिवारी दुपारी त्यांनी जात्यावरच्या चार ओव्या लिहून आणल्या. मुलगा दूर गेलाय, दर्यावरून येणाऱ्या प्रत्येक गलबताला आई त्याची खुशाली विचारते, एवढंच त्यात. रविवारी क्रुसांवर अंधार झाल्यावर ती आठवीतली मुलगी विंगेतून बाहेर आली, मंचाच्या मधोमध बसली आणि जातं ओढत गायली. पहिल्यांदाच तिचे ओठ आणि तिचा आवाज एका जागी होते. मी बाकावर हात पसरून उभा, नाक पुसायचीही सोय नाही.

जातं आमच्या आजीचं होतं. परत आणलं तेव्हा खुंटा गायब. आजी त्यावरून पुढे कितीतरी वर्षं बोलली. प्रयोगानंतर मंच आवरायला नववीची मुलं होती, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर माळ्यावर एकदा बघावं.