रेडिओतली भणभण आणि खांबावरचा मोबाइलचा डबा : तक्रार नेमकी कुठे अडकते (माझा अनुभव)

"नेटवर्क तर फुल्ल आहे ना, मग तक्रार कसली?" मोबाइल कंपनीच्या तक्रार केंद्राने मला हे उत्तर दिलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. तक्रार नेटवर्कची नव्हतीच. आकाशवाणी नागपूरच्या 585 किलोहर्ट्झवर आणि हॅम रेडिओच्या (परवाना घेऊन चालवलेल्या हौशी रेडिओच्या) 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दिवसरात्र भणभण चालू होती. ती येत होती गावठाणातल्या एका विजेच्या खांबावर बसवलेल्या स्मॉल सेलच्या, म्हणजे छोट्या मोबाइल टॉवरच्या, डब्यातून. 2022 साली मार्गाधिकाराच्या (दूरसंचाराच्या तारा-खांब कुठून न्यायचे याच्या) नियमांत दुरुस्ती झाली आणि असे छोटे सेल विजेच्या आणि दिव्यांच्या खांबांवर बसवायची वाट मोकळी झाली. त्यामुळे हा त्रास आता खेड्यातही येणार, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण सगळी तक्रार तिच्यावर उभी आहे. दोष अँटेनाचा नसतो. 5जीचा अँटेना काही शे ते काही हजार मेगाहर्ट्झवर चालतो, त्याचा मध्यम लहरींशी, म्हणजे 585 ज्या पट्ट्यात येतो त्याच्याशी, संबंध येत नाही. गडबड करतो तो शेजारचा पॉवर सप्लाय, म्हणजे 230 व्होल्ट एसीचे 48 व्होल्ट डीसी करणारा एसएमपीएस. तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. 65 किलोहर्ट्झ हा अशा सप्लायमध्ये नेहमी आढळणारा आकडा, गोंगाट त्याच्या पटींवरही उमटतो, आणि 65 नव्वे 585! फिल्टर कमजोर असला की हा गोंगाट उलटा एलटी लाईनवर (घरांना वीज देणाऱ्या तारांवर) चढतो आणि गावभर पसरलेल्या तारा त्याची अँटेना होतात.

पण डब्यावर बोट ठेवण्याआधी बाकीचे संशयित बाद करा. बॅटरीवर चालणारा रेडिओ घ्या, घराचं मेन स्विच बंद करा आणि ऐका. आवाज थांबला तर दोष घरातच आहे, बहुधा स्वस्त एलईडी बल्ब किंवा चार्जर. साधारण सेकंदाला एक अशी टक-टक येत असेल तर ते वावराच्या कुंपणाचं झटका मशीन आहे. तारेला गवत टेकलं की ती वाढते. सूर्य उगवल्यावर सुरू होऊन मावळल्यावर थांबणारी शिट्टी सोलर पंपाच्या कंट्रोलरची असते. सगळ्या फ्रिक्वेन्सींवर सारखी पसरलेली, कोरड्या हवेत वाढणारी आणि पावसात बरेचदा गायब होणारी कर्कश खरखर 11 केव्ही लाईनवरच्या सैल जोडाची किंवा खराब इन्सुलेटरची. ती वीज कार्यालयाने दुरुस्त करायची. एसएमपीएसची ओळख वेगळी. डायल फिरवला की भणभण ठराविक अंतराने वर येते, 520, 585, 650 अशी, आणि ऊन चढेल तशी थोडी सरकते. पावसाची सर आली म्हणून ती थांबत नाही.

खांब शोधायला मध्यम लहर वापरू नका. त्या फ्रिक्वेन्सीला गोंगाट तारेवरून दूरपर्यंत जातो, मध्येच वाढतो, मध्येच कमी होतो, आणि माणूस भलत्याच डीपीखाली जाऊन उभा राहतो. रेडिओतली फेराइटची कांडी (आतला काळा चुंबकीय अँटेना) फिरवून दिशा काढली तरी ती लाईनकडेच बोट दाखवते. म्हणून वर सरकत जा : 7 मेगाहर्ट्झ, मग 28, जमलं तर त्याहून वर. जितक्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर आवाज टिकतो तितका उगम जवळ. रिसीव्हर एएम मोडवर हवा, एफएम हा गोंगाट दाबून टाकतो. खांबाला हात लावू नका, ठोकून तर अजिबात बघू नका.

खांब सापडला. इथून पुढे खरी अडवणूक.

वीज कार्यालय म्हणतं, खांब आमचा, डबा त्यांचा. कंपनीला फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न येतो तुमच्या मोबाइल नंबरचा, आणि तक्रार "नेटवर्क" या खान्यात टाकून एसएमएस येतो की तक्रार निकाली निघाली. पुन्हा लिहिलं की ती "टॉवरचं रेडिएशन" या खान्यात जाते आणि उत्तरादाखल एक प्रमाणपत्र येतं : उत्सर्जन मर्यादेत आहे. ते प्रमाणपत्र खरंच असतं, पण ते अँटेनाच्या लहरी माणसाच्या अंगावर किती पडतात याबद्दल असतं. पॉवर सप्लाय लाईनवर काय सोडतो याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. मला सगळ्यात जास्त चीड या प्रमाणपत्राची आली, कारण ते दाखवलं की वीज कार्यालयही फाईल बंद करायला मोकळं होतं.

म्हणून अर्जात "रेडिएशन", "टॉवर", "आरोग्य" हे शब्दच येऊ देऊ नका. सरळ लिहा : अमुक खांबावरील उपकरणाच्या एसी-डीसी पॉवर सप्लायमधून वीजवाहिनीवर कंडक्टेड एमिशन (तारेवरून पसरणारा गोंगाट) होत असून 585 किलोहर्ट्झ व 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झवर व्यत्यय येत आहे. सिस्पर 32 (CISPR 32) हे आंतरराष्ट्रीय मानक 150 किलोहर्ट्झ ते 30 मेगाहर्ट्झमध्ये याचीच मर्यादा घालतं, त्याचा उल्लेख करा. त्यातही क्लास ए आणि वस्तीसाठीचा, जास्त कडक क्लास बी असे दोन आहेत. मध्यम लहरींच्या बहुतेक पट्ट्यात ए ला बी पेक्षा 17 डेसिबल जास्त सूट आहे, म्हणजे शक्तीत सुमारे 50 पट. वस्तीत लावलेला सप्लाय क्लास ए चा असेल तर कागदावर पास होऊनही शेजारचा रेडिओ बंद पाडू शकतो. उपकरण कोणत्या क्लासचं आहे, हा प्रश्न लेखी विचारा. याच प्रश्नामुळे माझा अर्ज अभियंत्याच्या टेबलावर गेला.

डबा कोणाचा हे कोणी सांगत नसेल तर खांबावरचं मीटर बघा. त्यावरचा मीटर क्रमांक, खांबाचा क्रमांक, डीपीचा कोड आणि फीडरचं नाव जमिनीवरून फोटोत घ्या. जोडणी कोणाच्या नावे आहे हे वीज कार्यालयाला लेखी विचारा, नाहीतर माहिती अधिकारात, 10 रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून. उत्तराची मुदत 30 दिवस. जवळचे सेल कोणत्या कंपनीचे हे तरंग संचार पोर्टलवरही (दूरसंचार विभागाचं मोबाइल टॉवरांच्या माहितीचं संकेतस्थळ) दिसतं का ते बघा. प्रत्येक अर्जाची आवक क्रमांकासह पोच घ्या, तोंडी काहीच करू नका.

लोडशेडिंगची नोंद पुराव्यात मोलाची ठरते, पण ती नीट वाचावी लागते. गावठाण फीडर बंद झाला की एसएमपीएसची भणभण थांबते. सेल मात्र बॅटरीवर चालू राहतो, मोबाइलला रेंज असते. म्हणजे अँटेना चालू, गोंगाट बंद. दोष सप्लायचा आहे, हे दाखवायला याहून सोपा पुरावा नाही. रेडिओ आणि रेंज दाखवणारा मोबाइल एकाच व्हिडिओत घ्या, वेळ दिसेल असा. डब्यात डीसी-डीसी कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज बदलणारा, तसाच चालू-बंद होणारा भाग) असेल तर थोडी भणभण उरते, तेही लिहा, लपवू नका.

बिनतारी व्यत्ययाचं काम केंद्र सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे आहे आणि तिचं एक केंद्र नागपुरात आहे. हॅमचा परवाना असेल तर कॉल साइन (परवान्यावरचं ओळखचिन्ह), फ्रिक्वेन्सी, वेळ, अक्षांश-रेखांश आणि आवाजाचं रेकॉर्डिंग जोडून तिथे लिहा. परवाना नसलेल्या श्रोत्याने आकाशवाणी केंद्राच्या अभियांत्रिकी विभागालाही प्रत द्यावी.

वीज कार्यालय आणि कंपनीची संयुक्त पाहणी झाली की पुढचं काम फार नसतं. तंत्रज्ञाने सप्लायचा एसीकडचा एमसीबी (स्विच) खाली केला, रेडिओ स्वच्छ झाला, वर केला, भणभण परत. एवढं सगळ्यांसमोर झालं की वाद संपतो. गोंगाट अडवायला तारेवर फेराइटची रिंग लावताना फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र एकाच रिंगमधून न्यायचे, नाहीतर रिंग सॅच्युरेट होते, म्हणजे विजेच्या प्रवाहानेच भरून निकामी होते. एक क्लिप अडकवून मध्यम लहरीवर काही होत नाही. 31 नंबरच्या फेराइट मटेरियलची मोठी रिंग आणि वेढे हवेत. वेढ्यांच्या वर्गाने अडथळा वाढतो, 5 वेढ्यांना 25 पट.

आमच्याकडे मुळाशी खराब अर्थिंग निघालं. फिल्टरमधले कपॅसिटर गोंगाट अर्थमध्ये सोडतात. अर्थच नसेल तर कितीही महाग फिल्टर वाया. काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते आणि पावसाळ्यात ठीक मोजलेलं अर्थिंग एप्रिलपर्यंत निकामी होतं. खड्डा पुन्हा भरून पाणी दिलं, पट्टीचा गंजलेला बोल्ट बदलला, आणि बरीचशी भणभण तिथेच गेली. उरलेली सप्लायचं मॉड्यूल बदलल्यावर गेली. विदर्भातल्या उन्हात बंद डब्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात आणि गोंगाट वाढतो.

त्यामुळे दुरुस्ती पावसाळ्यात झाली असेल तर तक्रार बंद करण्याच्या कागदावर सही करताना "मे महिन्यात फेरतपासणी" एवढी ओळ लिहून घ्या, आणि तपासणी दुपारी ठेवा.