वंशावळ डेटाबेस : आजोबांचा जॉइन अखेर सुटला

मागच्या नोंदीत ‘आजोबांची क्वेरी झाली’ असं लिहिलं होतं, म्हणजे घराण्याच्या डेटाबेसला प्रत्येकाचे आजोबा विचारणारा प्रश्न. झाली नव्हती. चूक काल रात्री सापडली.

टेबल तेच, ‘व्यक्ती’. प्रत्येकाच्या वडिलांचा आयडी त्याच टेबलात, म्हणून ते तीनदा घेऊन एकमेकांना जोडलेलं (हाच जॉइन) : टी1 मूल, टी2 वडील, टी3 आजोबा. पहिला जॉइन ठीक : टी2.आयडी = टी1.वडील_आयडी. दुसऱ्यात मात्र टी3.वडील_आयडी = टी2.आयडी. म्हणजे वडिलांचे वडील नव्हे, वडिलांची मुलं! तरी उत्तर बरोबर दिसत होतं, कारण तपासायला घेतली थोरली शाखा. विष्णू गोविंद, आजोबा विष्णू. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यात हा एकुलता एक. ‘आजोबा’ म्हणून आलेला विष्णू म्हणजे तो स्वतःच होता. जन्मसालाचा कॉलम जोडला तेव्हा कळलं : नातू 1931, आजोबाही 1931. धाकट्या शाखेत चार भाऊ, तिथे प्रत्येकाच्या चार-चार ओळी येत होत्या. त्या मी दुबार नोंदी समजत होतो.

टी1-टी2 अशी नावं कृपा करून देऊ नका. आता ‘मूल’, ‘वडील’, ‘आजोबा’ ठेवलीत. ‘आजोबा.आयडी = वडील.वडील_आयडी’ मोठ्यांदा वाचलं की चूक कानालाच खटकते.

मग मूळपुरुष गायब. दोन्हीकडे लेफ्ट जॉइन केला (जोड सापडली नाही तरी डावीकडची ओळ ठेवणारा), तरी गायबच! ‘आजोबा.पडताळलं = 1’ ही अट व्हेअरमध्ये, म्हणजे जोडून झाल्यावर ओळी गाळणाऱ्या भागात होती. ज्याचे आजोबाच नोंदीत नाहीत त्याच्याकडे तिथे नल (किंमतच नाही), आणि नल कशाच्याच बरोबर नसतं, म्हणून ओळ गळते. अट ऑनमध्ये, म्हणजे जॉइनच्याच अटींत हलवली. 214 माणसं, 214 ओळी. दोनदा मोजल्या, फार बरं वाटलं. (डीबी ब्राउझर या डेटाबेस उघडून बघायच्या ॲपमध्ये ओळींची संख्या खालीच दिसते, त्यासाठी तरी ते वापरा.)

आता दत्तक. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत चुलतपणजोबांनी दत्तक वडिलांचं नाव लिहिलंय, घरच्या मोडी कागदात जनक वडिलांचं. दोन्ही खरे. ‘जनक_आयडी’ कॉलम घालून चौथा जॉइन करणार होतो, पण हे लिहितानाच वाटतंय की ‘नातं’ हे वेगळं टेबल हवं : मूल, पालक, प्रकार. आया आणि त्यांची माहेरंही त्यातच बसतील, आणि पिढ्या चढायला विथ रिकर्सिव्ह (तीच पायरी पुन्हा पुन्हा चालवणारी क्वेरी) आहेच, एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालीत 2014 पासून. रविवारी आधी बॅकअप, मग चुलतपणजोबांच्या दोन ओळी.