रानफुलांसाठी एक गुंठा

भोरजवळच्या आमच्या शेताच्या कडेला विहिरीलगतची गुंठाभर जागा कित्येक वर्षे गाजरगवताने व्यापलेली होती. तिथे तेरडा, सोनकी आणि कवला फुलवायचे ठरल्यावर मी पहिल्यांदा शेणखताची चौकशी केली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "डोंगरावरच्या तेरड्याला कोण खत घालतं गं?" त्यांचे म्हणणे मला तत्काळ पटले. कासच्या पठारावर जांभ्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर असतो आणि श्रावण-भाद्रपदात तोच फुलांनी झाकला जातो; उलट कसदार जमिनीत गवत आणि तण कमरेएवढे माजते व त्याखाली ही नाजूक रोपे गुदमरतात. म्हणून खताचा बेत रद्द केला.

खरे काम होते ते तणाचे. गाजरगवताच्या एका झाडापासून हजारो बिया पडतात आणि त्या मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात, त्यामुळे खोल नांगरट केली असती तर पुरलेले बी वर येऊन आमचीच फजिती झाली असती. माघात वरचे तण हातमोजे घालून मुळासकट उपटले (त्याने अंगाला खाज सुटते, म्हणून उघड्या हाताने ते उपटू नये), मग जागेला दोनदा पाणी दिले आणि जे उगवले ते कोवळे असतानाच खुरप्याने खरवडून काढले. एप्रिलमध्ये माती पुन्हा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून अंथरले, कडा मातीने दाबल्या आणि सहा आठवडे तसेच ठेवले. दुपारी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दाटलेले असत आणि कड उचलून बोट आत घातले, तर माती चटका बसण्याइतकी तापलेली लागे. याच उष्णतेने वरच्या थरातले तणाचे बी मरते.

बी आमच्याच बांधावरचे होते. तेरड्याची पिकलेली शेंग बोट लागताच फुटते आणि बी दूर उडते, म्हणून प्रत्येक शेंगेभोवती आधी फडके धरून मगच ती खुडावी लागली. कासचे बी आणायचे नाही, हे आधीच ठरले होते. तिथले तिथेच राहिले पाहिजे.

जूनमध्ये पहिल्या सरींच्या आधी कोरड्या वाळूत मिसळून बी फोकले, पायांनी हलकेच दाबले आणि वर माती मुळीच लोटली नाही. अजूनही कडेने अधूनमधून गाजरगवताचे एखादे रोप डोके वर काढते, आणि ते फुलायच्या आत उपटण्यासाठी मी रोज सकाळी तिथे एक फेरी मारते.